शिकून परत आल्यावरचे दिवस

रोवणी आटोपली, कंबर जरा सरळ झाली, गटाच्या बैठका पुन्हा वेळेवर भरू लागल्या. म्हणून आज कर्ज-हप्ता सोडून थोडा निवांत बोलायचा विषय घेतला आहे. अर्थात शेवटी गाडी हिशेबावर येईलच. आम्हां गटवाल्यांची ती खोडच आहे.

आपल्या गटांत आता अशी घरं दिसू लागली आहेत, की ज्यांचं पोर शिकायला परदेशात गेलं आहे. फार नाहीत, बोटांवर मोजण्याइतकी. पोर जाते तेव्हा अख्खा मोहल्ला स्टँडवर येतो, हार घालतो, मोबाईलवर फोटो काढतो. शिक्षण संपवून ती परत येते त्या दिवशीही आनंद असतो. पण त्यानंतरचा सोमवार, मंगळवार, बुधवार? सकाळी उठून करायचं काय, घरात पैसे द्यायचे कुठून, लोकांना सांगायचं काय? त्या दिवसांबद्दल कोणी बोलत नाही. आज आम्ही त्याच दिवसांबद्दल बोलणार आहोत, आणि त्यासाठी तुमच्या-आमच्या ओळखीच्याच एका विद्यार्थ्याची हकिकत सांगणार आहोत. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांचं नाव घेतलं की आपल्याला चवदार तळं आठवतं, संविधान आठवतं, नागपूरची दीक्षाभूमी आठवते. आपल्या भंडाऱ्याच्या म्हाताऱ्या माणसांना १९५४ सालही आठवतं. त्या वर्षी लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून उभे होते, आणि पडले. ती गोष्ट वेगळी, तिच्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू. आज बोलायचं आहे ते १९१७ ते १९२० या तीन वर्षांबद्दल. तेव्हा ते ‘बाबासाहेब’ झालेले नव्हते. सव्वीस वर्षांचा एक मुलगा परदेशातून शिकून घरी आला होता, एवढंच.

ते गेले कसे ते आधी थोडक्यात सांगतो. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. त्या बदल्यात करार असा, की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. १९१३ च्या जुलैत ते अमेरिकेत न्यूयॉर्कला पोहोचले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, १९१५ साली एम.ए. झाले. पुढच्या वर्षी लंडनला गेले. तिथे अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू केला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून परत फिरावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन उरलेला अभ्यास पुरा करायची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. ही परवानगी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे याच महिन्यात, ते मुंबईला उतरले. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीने येत होती. ती बोट पाणबुडीच्या माऱ्यात बुडाली. चार वर्षं पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. सामान पाठवणाऱ्या कंपनीकडून सहाशे रुपये भरपाई मिळाली, आणि बडोद्याला नोकरीवर जाण्याची सोय त्या पैशांतून झाली. म्हणजे बघा, विलायतेहून आलेल्या माणसाच्या खिशात गाडीभाड्याची मारामार होती. ‘परदेशातून आला म्हणजे पैसे घेऊन आला’ असं आजही आपल्या गावात धरून चालतात. तो समज शंभर वर्षांपूर्वीही खोटाच होता.

आता बडोदा. नोकरी ठरलेली होती, पगार ठरलेला होता. ठरलेली नव्हती ती राहायची खोली.

स्टेशनवर उतरल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न तोच उभा राहिला. हिंदू खानावळीत जात विचारणार हे त्यांना माहीत होतं. परदेशात एवढी वर्षं राहून आपण अस्पृश्य आहोत ही गोष्ट मनातून पुसली गेली होती, ती स्टेशनवरच पुन्हा डोक्यात आली, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. शेवटी ते एका पारशी सराईत गेले. तिथला रखवालदार म्हातारा पारशी होता. त्याने अंगावर सदरा आणि कस्ती नाही हे पाहिलं आणि ओळखलं, की हा पारशी नव्हे. पण त्यालाही बिऱ्हाडकरू हवा होता, कारण सराईत कोणी फिरकत नव्हतं. मग तडजोड झाली. नोंदवहीत पारशी नाव लिहायचं आणि राहायचं. जेवणासकट रोजचा दीड रुपया.

सराईचा वरचा मजला म्हणजे एक लहानशी खोली, तिला लागून न्हाणीघर, आणि बाकी मोठा दिवाणखाना. त्या दिवाणखान्यात मोडक्या खुर्च्या, बाकं, फळ्या असला अडगळीचा ढीग. माणूस एकही नाही. दिव्याचीही सोय नव्हती, रखवालदार एक कंदील वर आणून देई, त्याचा उजेड जेमतेम हातभर. वटवाघळं फडफडत असत. सकाळी चहा, साडेनऊला जेवण, दहाला कचेरी, रात्री आठला परत, की पुन्हा तोच कंदील आणि तीच अडगळ. बोलायला कोणी नाही. पुस्तक वाचून ते मन मारत. एकदा मुंबईहून त्यांचा भाचा उरलेलं सामान घेऊन आला. मामाची ती अवस्था बघून पोरगा मोठ्याने रडायलाच लागला. त्याला लगेच परत पाठवावं लागलं.

बायांनो, आम्ही ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा आमचं लक्ष त्या भाच्यावरच अडकलं. आपण पोराला शिकायला पाठवतो, तो मोठ्या शहरात ‘सेट’ झाला म्हणून चार जणींत सांगतो. पण तो जिथे राहतो ती खोली आपल्यापैकी किती जणींनी डोळ्यांनी पाहिलेली असते? त्या भाच्याने पाहिली.

कचेरीतलंही ऐका. ते महालेखापालांच्या कचेरीत उमेदवारीवर कामाला लागले होते. चरित्रकारांनी लिहिलं आहे, की शिपाई फायली त्यांच्या टेबलावर दुरून फेकत, विटाळ नको म्हणून. कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. अमेरिकेतून एम.ए. होऊन आलेला अधिकारी, आणि घोटभर पाणी नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर आले. तू कोण, पारशी सराई बाटवलीस, संध्याकाळपर्यंत चालता हो, असा दम त्यांनी दिला. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली, ती कोणी दिली नाही. संस्थानच्या बंगल्यासाठी अर्ज केलेला होता, पण वरच्या अधिकाऱ्याकडून काही होईना. दोन ओळखीचे लोक होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुला ठेवलं तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. ती बाई जुन्या वळणाची आहे, ती हो म्हणणार नाही, हे त्यांना मागाहून कळलं. शेवटी ते सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परतले. ही आठवण निघाली की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनी कितीतरी वर्षांनी लिहिलं.

दहा वर्षांच्या नोकरीचा करार होता, आणि राहायला जागा मिळाली ती फक्त अकरा दिवस.

‘हे जुन्या काळचं झालं’ असं कोणी म्हणेल. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी दोन वर्षांपूर्वी इंग्लंडहून एम.ए. करून आली. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. एका कामासाठी ती मोठ्या शहरात खोली बघायला गेली. घरमालकिणीने आधी आडनाव विचारलं, मग खाता काय ते विचारलं, आणि मग खोली कालच दिली म्हणून सांगितलं. खोलीची पाटी मात्र पुढच्या आठवड्यातही तशीच लटकत होती. कोणी काठ्या घेऊन आलं नाही, एवढा फरक पडला आहे. तो फरक लहान नाही, हेही आम्ही म्हणतो. पण दार बंदच होतं.

तर मुंबई. परळच्या पोयबावाडीतली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ, दोन खोल्या. घरात रमाबाई. नवरा अमेरिकेला गेला तेव्हा त्या अगदी पोरवयाच्या होत्या, आता जेमतेम विशीत. दापोलीजवळच्या वणंद गावची मुलगी, आईवडील लहानपणीच गेलेले. चार वर्षं त्यांनी त्या खोल्यांत नवऱ्याविना काढली होती. आता नवरा परत आला, आणि त्याच्या हातात नोकरी नव्हती. इकडे चाळीतले लोक समजत असतील, साहेब आला, आता दिवस पालटले.

ते दिवस कसे गेले? त्यांनी दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचं एक लहान कार्यालय काढलं. सुरुवातीला लोक येत होते. सल्ला देणारा कोणत्या जातीचा आहे हे कळलं आणि येणं थांबलं. सल्ला तोच, माणूस तोच, पण गिऱ्हाईक गेलं. आपल्यातल्या ज्या बाया पापड, लोणची, मसाले विकतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच रिकाम्या वाटणाऱ्या दिवसांत त्यांनी एक निबंध लिहिला, तो १९१८ साली छापून आला. विषय होता भारतातल्या लहान लहान जमिनी आणि त्यावरचे उपाय. आपल्याकडे एकेका बांधीचे भावाभावांत तुकडे पडतात, तोच विषय. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, असं त्यांचं म्हणणं. जमिनीवर जगणारी माणसं जास्त झाली आहेत आणि हातांना पुरेसं काम नाही. उद्योग वाढले पाहिजेत, म्हणजे जमिनीवरचा भार कमी होईल. ज्याला स्वतःला काम मिळत नव्हतं तो माणूस खोलीत बसून शेतकऱ्याच्या कामाचा विचार करत होता. आमच्या भंडाऱ्यात रोवणी झाली की कापणीपर्यंत हात रिकामे आणि मग पुणे-हैदराबादची गाडी, हे बघितलं की तो निबंध आजही शिळा वाटत नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना तात्पुरती प्राध्यापकी मिळाली. पगार महिना साडेचारशे रुपये. इथेही पाण्याने पाठ सोडली नाही. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पण वर्गात ते असे शिकवत, की दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही येऊन बसत.

आता हिशेबावर येऊ. साडेचारशे म्हणजे त्या काळी मोठाच पगार. कोणीही म्हणेल, आता मोठं घर घ्यावं, बायकोला चार दागिने करावेत. तसं झालं नाही. बिऱ्हाड त्याच दोन खोल्यांत राहिलं. पगारातली ठरलेली रक्कम रमाबाईंच्या हातात, घर त्यातच चालवायचं, बाकीची शिल्लक. कशासाठी? ती चार वर्षांची परवानगी आठवा. लंडनचा अर्धा अभ्यास पुरा करायचा होता आणि घड्याळ चालू होतं. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. आम्ही आपल्या गटाच्या सवयीप्रमाणे वहीवर मांडून पाहिलं. सोळा महिने गुणिले साडेचारशे, सगळा पगार हाती आला असं धरलं तरी ७,२०० रुपये. त्यात सोळा महिन्यांचं घर, आणि उरलेल्यात विलायत. ते पुरलं नाहीच. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचं कर्ज घ्यावं लागलं. हा मित्र पारशी होता. सराईत काठ्या घेऊन आलेलेही पारशीच होते. म्हणून एखाद्या जमातीबद्दल बोलताना तोंड जरा आवरावं, असं आम्हांला वाटतं.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तीन वर्षांनी, १९२३ च्या एप्रिलमध्ये, बॅरिस्टर होऊन आले. पुढचं सगळं तुम्हांला माहीत आहे.

पण त्या सोळा महिन्यांतली शिल्लक कोणी टाकली? आपल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, ‘त्यांनी काटकसरीने पैसे साठवले.’ अहो, साडेचारशे पगाराच्या माणसाचं घर पन्नास-शंभरात चालवायचं म्हणजे भाजी कोणती आणायची, रॉकेल किती जाळायचं, पाहुण्याला चहा द्यायचा की नुसतं पाणी, हे रोज कोणीतरी ठरवत असतं. नेमका आकडा आमच्याकडे नाही, पण रोज ठरवणारी कोण ते कळतं. दारिद्र्यात नवऱ्याबरोबर राहायला बाईला हिंमत लागते. नवऱ्याला चांगला पगार सुरू झाल्यावरही गरिबासारखं राहायला त्याहून जास्त लागते, कारण तेव्हा शेजारणी विचारायला लागतात. रमाबाईंना पाच मुलं झाली, त्यांतला एकटा यशवंत जगला. १९३५ साली त्या गेल्या. पुढे १९४० मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं मोठं पुस्तक रामूच्या, म्हणजे रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी हलाखीचे दिवस सोबत काढण्याची तयारी हीच गोष्ट आवर्जून नोंदवली आहे.

आता आपल्या घरांकडे येतो. सरकारच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. चौकशीसाठी भंडाऱ्यात समाज कल्याणचं कार्यालय आहे. अटी दर वर्षी जाहिरातीत बघून घ्याव्या, कारण त्या बदलतात. ज्यांना शिष्यवृत्ती मिळत नाही ते बँकेचं शैक्षणिक कर्ज काढतात. रक्कम मोठी असली तर घर किंवा शेत तारण पडतं. हप्ता सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज त्या वर्षातही चढत असतं. आम्ही बऱ्याच घरांचे कागद पाहिले. जाण्याचा खर्च सगळे मांडतात. विमान, फी, राहणं, थंडीचे कपडे, सगळं पै-पैसहित. परत आल्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांचा रकाना एकाही कागदावर नव्हता.

त्या मुलीचं मघाशी सांगितलं ना, तिला परत आल्यावर काम मिळायला सात महिने लागले. पहिल्या महिन्यात नातेवाईक आले, चॉकलेट मागून गेले. दुसऱ्या महिन्यात ‘पगार किती मिळणार?’ तिसऱ्यात ‘लग्नाचं काय?’ चौथ्यात कोणी विचारेना, ते जास्त वाईट. रोवणीला ती आईसोबत बांधीत उतरली. आई सांगत होती, ‘पोरगी हौसेनं आली.’ हौस नव्हती, दिवसाची मजुरी होती, आणि आम्हांला त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही. पण गावात दोन तोंडं बोललीच, विलायतेत शिकून चिखलातच यायचं होतं तर गेली कशाला. ती मुलगी घरात संध्याकाळी दिवा न लावता बसायला लागली तेव्हा आईने आम्हांला फोन केला.

आम्ही काय केलं? मोठं काही नाही. गटातून आईच्या नावावर आठ हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं, हप्ता चार महिन्यांनी सुरू. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर बैठकीत वाद झाला. शेती नाही, आजारपण नाही, लग्न नाही. एक मावशी म्हणाल्या, ‘लिहा, पोरगी घरी आली म्हणून.’ तसंच लिहिलं. त्या पैशांतून मुलाखतींचं गाडीभाडं निघालं, मोबाईलचं रिचार्ज निघालं. आणि एक केलं. दर शनिवारी तिला दहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवायला समाज मंदिरात बोलावलं, फुकट नाही, मुलीमागे पन्नास रुपये घेऊन. बाबासाहेबांनीही शिकवण्याच धरल्या होत्या, हे तिनेच आम्हांला सांगितलं. तोवर आम्हांला ते ठाऊक नव्हतं.

प्रत्येक गटाला हे जमेलच असं नाही. काही ठिकाणी बाकीच्या बाया म्हणतील, जी विलायतेला गेली तिला आमचे पैसे कशाला. तोही प्रश्न खोटा नाही. ज्यांच्या मुलीला आठवीनंतर शाळा सोडावी लागली, तिच्या आईने हे विचारलं तर आम्ही तिला गप्प करणार नाही. पण मग त्या आठवीतल्या मुलीचाही ठराव त्याच बैठकीत घ्या, एवढं म्हणू.

ज्यांच्या घरचं पोर येत्या वर्षात परत येणार आहे, त्यांनी कर्जाचा कागद आणि बँकेचं पासबुक घेऊन ग्रामसंघाच्या बैठकीला या. परत आल्यानंतरच्या महिन्यांचा रकाना आपण मिळून भरू. खोलीचं भाडं आणि आगाऊ रक्कम वेगळी लिहू, कारण ती सगळ्यांत आधी लागते. पोर स्वतः यायला तयार असलं तर त्यालाही आणा, पण त्याला पगार विचारू नका.

पुढच्या आठवड्यात याच वेळी धानावरच्या तुडतुड्याबद्दल कृषी सहायक ताई बोलणार आहेत. प्रश्न आधी लिहून ठेवा.